इम्पीच झाला पण खुर्ची शाबूत: वचक बसतो का, हे घरबसल्या कसं तपासायचं

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी हा वाद उकरून निघतोच. एका बाजूला न्यू जर्सीत एडिसनला राहणारा आतेभाऊ, दुसऱ्या बाजूला पुण्यातले रिटायर्ड काका. काकांचं म्हणणं, "अरे ट्रम्पवर दोनदा महाभियोग झाला तरी बाबा परत निवडून आला, मग त्या महाभियोगाचं काय लोणचं घालायचंय?" आणि आतेभाऊ म्हणतो, रेकॉर्डवर तर आलं ना काका, पुढचा माणूस दहादा विचार करेल. मग काका 'कसला विचार' म्हणतात, कुणीतरी मध्येच गुड मॉर्निंगचा फोटो टाकतं, आणि विषय तिथेच मरतो. मागच्या वेळी मी शहाणपणा करून तीन व्हॉइस नोट टाकल्या तर एकाचंही माईकचं चिन्ह निळं झालं नाही, म्हणजे सगळ्यांनी काही ऐकल्या नाहीत. मग वही घेऊन बसले. तुमच्याही घरात, कॉलेजात, क्लासच्या ग्रुपवर हा वाद होत असेल तर खालची पद्धत करून बघा. एक वही, एक पेन्सिल (पेन नको, का ते शेवटी सांगते) आणि अर्धा रविवार एवढंच लागतं.

आधी शब्द नीट लावून घ्या

मराठी पेपरात 'महाभियोग' हा एकच शब्द सगळ्याला वापरतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. अमेरिकेत दोन पायऱ्या आहेत. पहिली हाऊसमध्ये (आपल्या लोकसभेसारखं सभागृह), ४३५ मेंबर, साधं बहुमत पुरतं. आपल्याकडे पोलीस चार्जशीट दाखल करतात तेवढंच समजा, याला इम्पीच होणं म्हणतात. दुसरी सिनेटमध्ये, तिथे खटला चालतो, राष्ट्राध्यक्षाचा असेल तर सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश येऊन बसतात, आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी दोषी म्हटलं तरच खुर्ची जाते. आजचं १०० जणांचं सिनेट पूर्ण भरलेलं असेल तर ६७ मतं हवीत. आता हाच हिशोब उलटा करा: ३४ सिनेटर आपले असले की राष्ट्राध्यक्ष सेफ. हा ३४ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा लिहून त्याला गोल करून ठेवा, पुढे सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

आजवर इम्पीच झालेले राष्ट्राध्यक्ष तीन आणि वेळा चार: अँड्र्यू जॉन्सन १८६८, बिल क्लिंटन १९९८, डोनाल्ड ट्रम्प २०१९ आणि परत २०२१. चारही वेळा सिनेटमधून सुटले. निक्सनचं नाव लोक हमखास यात घुसवतात पण १९७४ मध्ये फक्त हाऊसच्या ज्युडिशियरी कमिटीने आरोपांची कलमं मंजूर केली होती, पूर्ण हाऊसचं मतदान व्हायच्या आत ९ ऑगस्टला त्याने राजीनामा दिला. तरी त्याला वहीतून काढू नका, शेजारी वेगळ्या रंगात लिहा, तो लागणार आहे.

आणि हो, सिनेटने दोषी ठरवून काढलेले आजवर आठ जण आहेत, आठही फेडरल जज. त्यातले एक आल्सी हेस्टिंग्ज १९८९ मध्ये जजपदावरून गेले आणि १९९२ ला फ्लोरिडातून थेट हाऊसवर निवडून आले, कारण सिनेटने त्यांना पुढे पद घ्यायला बंदी घातली नव्हती. पुढे क्लिंटन आणि ट्रम्प दोघांच्या इम्पीचमेंटवर मत द्यायला हे स्वतः हजर. ही गोष्ट काकांना सांगितली तर दोन दिवस हसत होते.

मग ठरवा, वचक नक्की कुणाला

'धाक बसतो का' हा प्रश्न असाच मोकळा सोडला तर ज्याला जे म्हणायचंय ते म्हणता येतं. म्हणून त्याचे तुकडे करा. त्याच माणसाला धाक बसला का, तो खुर्चीत आहे तोवर? त्याच्यानंतर आलेल्याला बसला का? आणि आजूबाजूच्या माणसांना, म्हणजे मंत्री, वकील, स्वतःच्या पक्षाचे खासदार, यांना बसला का? हा तिसरा सगळे विसरतात आणि मला तोच सगळ्यात मजेशीर वाटतो.

आता प्रत्येक इम्पीचमेंटला एक आडवी ओळ आणि तिचे कालखंडाप्रमाणे कप्पे पाडा: भानगड बाहेर यायच्या आधी काय चाललं होतं, बाहेर आल्यापासून सिनेटच्या निकालापर्यंत माणूस कसा वागला, सुटल्यावर लगेचच्या आठवड्यांत काय केलं, आणि पुढच्या राष्ट्राध्यक्षाने काय धडा घेतला. ग्रुपवर भांडणारे फक्त शेवटच्या कप्प्यावर भांडतात आणि खरा माल मधल्या दोन कप्प्यांत असतो.

एक ओळ भरून दाखवते, जॉन्सनची

लिंकनच्या हत्येनंतर हा उपाध्यक्षाचा राष्ट्राध्यक्ष झाला, काँग्रेसशी त्याचा उभा दावा, भांडण मुख्यतः यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेला कसं वागवायचं आणि गुलामीतून सुटलेल्या लोकांना किती हक्क द्यायचे यावरून. काँग्रेसने १८६७ मध्ये कायदाच केला की सिनेटच्या संमतीशिवाय ठराविक अधिकारी काढता येणार नाहीत. याने २१ फेब्रुवारी १८६८ ला युद्धमंत्री स्टँटनला काढलं. स्टँटन ऑफिसातून हलेना, आतून कडी लावून तिथेच मुक्काम ठोकून बसला. तीन दिवसांत, २४ तारखेला हाऊसने १२६ विरुद्ध ४७ ने इम्पीच केलं.

आता मधला कप्पा बघा. खटला चालू असताना हाच भांडकुदळ माणूस एकदम शहाण्यासारखा वागायला लागला. युद्धमंत्री म्हणून जनरल स्कोफिल्डचं नाव पुढे केलं, जे मवाळ रिपब्लिकनांना चालणारं होतं, ती जवळजवळ तडजोडच होती. अर्कान्सा आणि साउथ कॅरोलिना या राज्यांच्या नव्या घटना ज्या त्याला मुळीच पसंत नव्हत्या त्या मुकाट काँग्रेसकडे पाठवून दिल्या. जाहीर भाषणांत शिव्याशाप बंद. १६ मेला मतदान झालं, ३५ दोषी, १९ निर्दोष, तेव्हा सिनेट ५४ जणांचं आणि ३६ हवे होते, एका मताने सुटला. कॅन्ससचा एडमंड रॉस धरून सात रिपब्लिकन फुटले. मध्ये दहा दिवस थांबून २६ मेला अजून दोन कलमांवर मतं घेतली, तोच आकडा, मग नाद सोडून दिला.

आणि सुटल्यावर? ज्या अर्कान्साची घटना मे महिन्यात मुकाट पाठवली त्याच अर्कान्साला परत सामील करून घ्यायच्या बिलावर २० जूनला याने व्हेटो मारला. काँग्रेसने तो दोन दिवसांत उडवला ते सोडा, पण महिन्याभरात गाडी मूळ रुळावर आली हे दिसतंय ना? ख्रिसमसला तर बंड केलेल्या सगळ्यांना सरसकट माफी.

ही ओळ भरताना माझी ट्यूब पेटली. वचक बसतो तो इम्पीचमेंटचा नाही, निकाल न लागण्याचा. तलवार टांगलेली असते तोवर माणूस मान खाली घालून चालतो, ती बाजूला पडली की झालं, उलट आता त्याला पक्कं माहीत असतं की आपल्याला वाचवणारे नेमके किती आहेत. शाळेत हेडसरांच्या केबिनबाहेर उभं केलेलं पोरगं आणि 'जा, यावेळी सोडतो' ऐकून बाहेर पडलेलं पोरगं, यांच्या चालीत फरक असतो तसाच. हे खरं का ते बाकीच्या ओळींवर तपासा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

एक खबरदारी मात्र. जॉन्सनने मोडलेला तो कायदाच मुळात डळमळीत होता, १८८७ ला रद्दही झाला आणि १९२६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसा कायदा घटनाबाह्य होता असंच म्हटलं. म्हणजे 'गैरवर्तन' कशाला म्हणायचं इथूनच वाद आहे, त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला आरोप एका वाक्यात लिहा आणि तो तुम्हाला स्वतःला पटतो का ते बाजूला टिक करून ठेवा, नाहीतर आवडत्या माणसाच्या ओळीत सगळं माफ होतं.

क्लिंटनची ओळ पटकन होते

१९ डिसेंबर १९९८ ला दोन कलमं, शपथेवर खोटं बोलणं आणि न्यायात अडथळा आणणं. १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटमध्ये पहिल्यावर ४५-५५ आणि दुसऱ्यावर ५०-५०, म्हणजे ६७ च्या आसपासही नाही. त्याची लोकप्रियता इम्पीच झाल्यावर गॅलपच्या पोलमध्ये ७३ टक्क्यांवर गेली होती. 'शिक्षा काय झाली' या कप्प्यात मात्र सिनेट सोडून बाकीच्या गोष्टी लिहाव्या लागतात: कोर्टाच्या अवमानाबद्दल जज सुझन वेबर राइटने सुमारे ९० हजार डॉलर भरायला लावले, लैंगिक छळाचा दावा लावलेल्या पॉला जोन्सशी साडेआठ लाख डॉलरला तडजोड आधीच झालेली, आणि जाता जाता १९ जानेवारी २००१ ला अर्कान्सामधलं वकिलीचं लायसन्स पाच वर्षांसाठी गेलं, वर २५ हजार दंड. दुसऱ्याच दिवशी, शेवटच्या काही तासांत, फरार धनाढ्य मार्क रिचला माफी देऊन मोकळा झाला. आता म्हणा वचक बसला!

इथे पुढच्यांच्या कप्प्यात एक गोष्ट जरूर लिहा. क्लिंटनच्या मागे ज्या कायद्याने तपास लागला तो इंडिपेंडंट कौन्सेलचा (स्वतंत्र तपास-वकिलाचा) कायदा जून १९९९ मध्ये मुदत संपून गेला आणि दोन्ही पक्षांनी त्याला परत जिवंत केलं नाही. म्हणजे सुटकेनंतर पुढच्या राष्ट्राध्यक्षांवरचा पहारा वाढला नाही, कमी झाला. याच्या शेजारी निक्सनचा कप्पा ठेवा: तो गेल्यावर १९७८ मध्ये सरकारी नैतिकतेचा कायदा आला (हा इंडिपेंडंट कौन्सेल त्यातलाच), खात्यांमध्ये इन्स्पेक्टर जनरल (म्हणजे त्या खात्याचीच तपासणी करणारे अधिकारी) बसवायचा कायदा आला, राष्ट्राध्यक्षाचे कागद सरकारच्या मालकीचे ठरवणारा कायदा आला. आणि संसदेने मंजूर केलेला पैसा राष्ट्राध्यक्षाने अडवून धरू नये हा १९७४ चा कायदा तर निक्सन खुर्चीत असतानाच झालेला. खुर्ची गेली तिथे कुंपण उभं राहिलं. खुर्ची राहिली तिथे होतं ते कुंपणही गेलं. दोनच उदाहरणं आहेत म्हणून फार ताणू नका, पण दिसतंय ते असं आहे.

ट्रम्पच्या दोन ओळी, इथे वेळ काढून बसा

पहिली ओळ युक्रेनची. २५ जुलै २०१९ चा, बायडेनची चौकशी लावा म्हणून झेलेन्स्कींना केलेला फोन, आणि अडकवून ठेवलेली सुमारे ३९.१ कोटी डॉलरची मदत. तारखा नीट बघा हं. ९ सप्टेंबरला हाऊसच्या कमिट्यांनी चौकशी जाहीर केली, ११ सप्टेंबरला मदत सुटली. इम्पीचमेंट अजून तीन महिने लांब, तरी पैसे मोकळे झाले, नुसतं उजेडात आल्यावर. माझ्या मते अख्ख्या वहीत वचक बसल्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा हाच आहे.

मग १८ डिसेंबरला इम्पीच, ५ फेब्रुवारी २०२० ला सुटका, ४८-५२ आणि ४७-५३. मिट रॉम्नी एकटा रिपब्लिकन ज्याने एका कलमावर दोषी म्हटलं, स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध असं मत देणारा इतिहासातला पहिला सिनेटर. निकालाच्या आदल्या दिवशी मेनच्या सिनेटर सुझन कॉलिन्स टीव्हीवर म्हणाल्या की राष्ट्राध्यक्षांना यातून चांगलाच धडा मिळालाय. आता दिवस मोजा. ६ फेब्रुवारी, व्हाइट हाऊसमध्ये भरलेल्या हॉलसमोर ट्रम्प सुटकेची हेडलाइन असलेला पेपर उंच धरून दाखवतोय. ७ फेब्रुवारी, साक्ष दिलेला लेफ्टनंट कर्नल विंडमन व्हाइट हाऊसबाहेर, त्याच्याबरोबर त्याचा जुळा भाऊ पण, ज्याने साक्षही दिली नव्हती, आणि त्याच दिवशी साक्षीदार राजदूत सॉन्डलंडला परत बोलावणं. ३ एप्रिल, ज्या इन्स्पेक्टर जनरलने व्हिसलब्लोअरची (आतून भानगड उघड करणाऱ्याची) तक्रार पुढे पाठवली त्या अॅटकिन्सनला काढलं. धडा मिळाला खरा पण तो साक्ष देणाऱ्यांना.

वर्षही सरलं नाही. २ जानेवारी २०२१, परत फोन, यावेळी जॉर्जियाचे निवडणूक बघणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना, की ११,७८० मतं शोधून द्या, पराभव ११,७७९ चा होता म्हणून. एका फोनवरून इम्पीच झालेला माणूस, दुसरा फोन, पुन्हा लाइनवर चार लोक ऐकतायत. वचक म्हणजे काय हे ज्याला कळत नसेल त्याने या दोन फोनच्या तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात.

मग ६ जानेवारीचा संसद भवनावरचा हल्ला, १३ जानेवारीला २३२-१९७ ने दुसरं इम्पीच, १३ फेब्रुवारीला सिनेटमध्ये ५७-४३. सात रिपब्लिकन आले तरी दहा कमी पडले. सिनेटमधला रिपब्लिकनांचा नेता मॅककॉनेलने सोडायच्या बाजूने मत दिलं आणि लगेच उभं राहून भाषण केलं की नैतिक जबाबदारी याचीच आहे, पण आता हा माजी आहे, फौजदारी कोर्टं आहेत की. ट्रम्पचा वकील कॅस्टरसुद्धा सिनेटसमोर बोलून गेला, गुन्हा केला असेल तर पद सुटल्यावर अटक करा. आणि तीन वर्षांनी खरंच केस उभी राहिली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये त्याच माणसाचा दुसरा वकील कोर्टात म्हणतो, आधी सिनेटने दोषी ठरवलं पाहिजे तरच खटला भरता येतो. इकडे गेलं की तिकडे जा, तिकडे गेलं की इकडे या, रेशनिंग ऑफिसात आपण हेच ऐकलेलं असतं. हा मुद्दा कोर्टाने मानला नाही, पण १ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने अधिकृत कामांबाबत बरंच संरक्षण दिलं, काही कामांत तर पूर्ण. म्हणजे तिथे इम्पीचमेंट हाच काय तो उरलेला दरवाजा, आणि त्याची किल्ली ३४ जणांच्या खिशात.

आता तो तिसरा, विसरलेला कप्पा. हाऊसमध्ये इम्पीचच्या बाजूने मत देणारे दहा रिपब्लिकन होते. २०२२ च्या निवडणुकीनंतर त्यातले दोनच परत आले. चौघांनी उभंच राहायचं नाही असं ठरवलं, चौघे स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) पडले, लिझ चेनी त्यातली एक. धाक बसला की, जबरदस्त बसला, फक्त ज्याला बसायला हवा त्याला सोडून बाकीच्यांना. पुढच्या वेळी बाजू सोडून मत देणारा सिनेटर आधी या दहांची यादी बघणार.

खड्डे कुठे आहेत

पहिला खड्डा: जे घडलंच नाही ते वहीत येत नाही. एखाद्या राष्ट्राध्यक्षाने मनात आणलं असेल आणि 'नको रे बाबा, इम्पीच करतील' म्हणून गप्प बसला असेल तर त्याची नोंद कुठे सापडणार? म्हणून 'काहीच उपयोग नाही' असं छातीठोक सांगणाऱ्याला एवढंच विचारा.

दुसरा खड्डा: १८६८ ते १९९८, १३० वर्षं एकही राष्ट्राध्यक्ष इम्पीच झाला नाही, याला लोक जॉन्सनच्या केसचा वचक म्हणतात. मला वाटतं वचक उलट बाजूला बसला, काँग्रेसला, की एवढा खटाटोप करून एका मताने तोंडावर पडायचं कशाला. आणि १९९८ धरून २२ वर्षांत तीनदा, शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये बायडेनची चौकशी २२१-२१२ ने मंजूर झाली आणि कलमांपर्यंत पोचलीच नाही. रोजच फटाके वाजले की कुत्रीसुद्धा दचकायची थांबतात.

तिसरा खड्डा काकांसाठी खास. 'खुर्ची घालवली की सगळे सुतासारखे सरळ' असं नसतं. दक्षिण कोरियात पार्क ग्युन-हेला मार्च २०१७ मध्ये घटनात्मक कोर्टाने ८-० ने काढलं, तुरुंगात गेली. तिच्या तपासाच्या टीममधला एक बडा सरकारी वकील म्हणजे युन सुक-योल. तोच पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्याने मार्शल लॉ पुकारला. म्हणजे ज्याने जवळून बघितलं त्यालाच वचक नाही! पण संसदेचे सभापती भिंत चढून आत गेले, काही तासांत १९०-० ने तो आदेश उडवला, आणि ४ एप्रिल २०२५ ला हाही ८-० ने घरी. तिथे माणूस बदलला नाही, बाकीच्यांची सवय बदलली होती.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर राष्ट्रपतींवर ती वेळच आलेली नाही, कलम ६१ नुसतं पुस्तकात आहे. पण १९९३ चं जस्टिस व्ही. रामस्वामींचं प्रकरण घ्या, चौकशी समितीचे अध्यक्ष आपले पी. बी. सावंत. समितीने ठपका ठेवला, आणि लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मतं, विरोधात एकही नाही, काँग्रेसचे २०५ जण तटस्थ. ठराव पडला. विरोधात हात वर न करताही माणूस वाचवता येतो, हे ३४ पेक्षा भारी गणित आहे.

शेवटी, पेन्सिल का

कारण ट्रम्पच्या ओळीत एक गंमत होते, 'तोच माणूस' आणि 'पुढचा राष्ट्राध्यक्ष' हे दोन्ही कप्पे मधली बायडेनची चार वर्षं सोडली तर एकाच माणसाने भरतायत, इम्पीच झालेल्यांत असं याआधी कधी झालं नव्हतं. मी त्यात आत्तापर्यंत दोन नोंदी केल्यात. २० जानेवारी २०२५, पहिल्याच दिवशी ६ जानेवारीच्या सुमारे दीड हजार आरोपींना माफी. आणि त्याच आठवड्यात एका रात्रीत डझनभराहून जास्त इन्स्पेक्टर जनरल काढले. खाली बरीच जागा सोडून ठेवलीय. वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला तर आतेभाऊ म्हणतो ताई अक्षर सुधार, आणि काकांनी झूम करून विचारलं, हा ३४ ला गोल कशाला केलायस?